तळ नसलेलं तळघर

एखादी वास्तू कधीच पुरी होऊ नये असं ठरवून कुणी ती बांधायला घेतली, तर त्याला आपण काय म्हणू? अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने १९७२ च्या अखेरीस असं काम हाती घेतलं. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरातच जोडे दुरुस्त करून संसार चाललेला. आणि रात्री हा माणूस आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने भुयारं काढत बसायचा.

कल्पना अगदी त्याच्या एकट्याची नव्हती. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखाली भुयारं रचून मित्रांना त्यात सोडलं होतं. त्याने लेक जिनिव्हाला येऊन तो खेळ दाखवला, आणि गायगॅक्सने स्वतःचा ग्रेहॉक किल्ला रचायला घेतला. दोघांच्या खटपटीतून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला गेला. तीन पुस्तिका, प्रती फक्त १०००.

हा खेळ मुख्यतः बोलण्याचा आहे. एकजण सांगणारा. नकाशा त्याच्यापुढे, पण झाकलेला. तो म्हणतो, ‘पुढे ओला जिना आहे, खालून वारा येतोय.’ बाकीचे म्हणतात, ‘आम्ही मशाल पेटवतो, उतरतो.’ लागलं तर फासे टाकायचे. ज्या भुयाराला मजल्याखाली मजले आहेत, जिथे वर्षानुवर्षं उतरलं तरी संपत नाही, त्याला हे खेळाडू ‘मेगाडंजन’ म्हणतात. गंमत अशी की मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ किल्ल्याचा उंच बुरूज. अंधारकोठडी हा अर्थ मागाहून चिकटला.

ते रचायचं कसं? १९७४ च्या पुस्तिकेतच सांगितलंय की चांगल्या भुयाराला निदान डझनभर मजले हवेत, आणि नवे मजले सतत बांधकामात असावेत. जितकं खोल, तितका धोका मोठा आणि धनही मोठं. त्यामुळे किती खाली जायचं हा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती राहतो, त्याच्या लोभाच्या हाती म्हणा हवं तर! १९८१ च्या नियमांत मशाल एक तास जळते. मशाली किती आणल्या आणि परतीची वाट किती लांब, हा हिशेब चुकला की राक्षसाची गरजच उरत नाही.

कवी म्हणून मला सगळ्यांत आवडलेला नियम वेगळाच आहे. बऱ्याचशा खोल्या रिकाम्या ठेवायच्या. नवखा माणूस प्रत्येक खोलीत काहीतरी कोंबतो, नवखा कवी प्रत्येक ओळीत प्रतिमा कोंबतो तसाच. रिकाम्या खोलीत खेळाडू थांबतो, कान देतो, भिंती ठोकून बघतो. भीती तिथे तयार होते.

दुसरी गोष्ट वाटांची. जेनेल जॅकेज यांनी १९७९ साली ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ रचलं, त्यात आत शिरायला अनेक तोंडं, वाटा एकमेकींत वळून येणाऱ्या, एक जिना मधला मजला चुकवून थेट खाली नेणारा. एकच वाट असली तर आपण सांगणाऱ्याच्या मागून नुसते चालतो. वाटा फुटल्या की मग चर्चा, भांडणं, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य.

माझा भाचा हा खेळ खेळतो. त्याने एकदा विचारलं, ‘मामू, तुमचे दास्तानगो हेच करायचे ना?’ मी चमकलो. आमच्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तही मायावी मुलुख, आत दुसरा मुलुख, आणि तो कसा मोडायचा हे सांगणारी ‘लौह’ म्हणजे पाटी. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून ती दास्तान छापली. पहिले चार खंड मुहंमद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. छापलेलं उरलं. सांगणं मात्र गेलं. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले, त्यांच्या आवाजाचं उरलंय ते काही मिनिटांचं ध्वनिमुद्रण. २००५ साली शम्सुर रहमान फारूकी आणि महमूद फारूकी यांनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली खरी, पण तो जुना स्वर आता कोण सांगणार?

ग्रेहॉकचंही तसंच झालं. ज्या रूपात गायगॅक्स तो खेळवायचा, त्या रूपात तो कधीच पूर्ण छापला गेला नाही. कागदावर त्रोटक टिपणं. बाकी सगळं तो समोरच्यांचे चेहरे बघत बोलता बोलता रचायचा. २००८ साली तो गेला, पुढच्या वर्षी आर्नेसन. दुसऱ्यांची भुयारं मात्र बाजारात देखणी मिळतात. एड ग्रीनवुडचं ‘अंडरमाउंटन’ १९९१ सालचं; त्यात एका खानावळीच्या मधोमध विहीर आहे आणि तिथून लोकांना खाली सोडतात. २०१८ साली त्याच भुयाराचं २३ मजल्यांचं पुस्तक आलं. ते जरूर वाचावं, पण मला ते एकट्याने वाचताना मैफलीविना गझलेसारखं वाटलं.

ग्रेहॉकच्या अगदी तळाशी एक वेडा जादूगार बसवला होता. नाव झॅगिग, म्हणजे गायगॅक्सचंच नाव जवळजवळ उलटं. एक खेळाडू एकट्याने तिथवर पोचला. जादूगाराने त्याला बक्षीस दिलं आणि एका घसरगुंडीवरून थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सोडून दिलं. घरी परतायला त्याला सगळं जग तुडवावं लागणार होतं, आणि त्या जगाचा नकाशा अजून कुणी काढलेला नव्हता.