'वय झालं होतं' म्हणण्याआधी
(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, तुझ्या कामाबद्दल थोडं बोल. मी रुग्णालयांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं तांत्रिक सांगत बसले तर तुम्ही सगळे जेवणाच्या रांगेत जाल. म्हणून एका तपासाची गोष्ट सांगते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांनाही मी ती सांगते.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ हाईड नावाचं गाव आहे. हेरॉल्ड शिपमन तिथला डॉक्टर. घरी येऊन तपासणारा, म्हाताऱ्या माणसांचा लाडका. २४ जून १९९८ रोजी त्याच्या पेशंट कॅथलीन ग्रंडी घरात मृतावस्थेत सापडल्या. वय ८१, गावच्या माजी महापौर, शेवटपर्यंत हिंडत्या-फिरत्या. शिपमनने दाखल्यावर कारण लिहिलं, 'वार्धक्य'. संपलं.

तिथे संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा स्वतंत्र न्यायिक अधिकारी करतो. मेलेली व्यक्ती कोण, ती कधी, कुठे आणि कशी मेली, एवढे चार प्रश्न. दोषी कोण हे ठरवणं त्याचं काम नाही. आपल्या मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता. आता ते काम पोलीस पंचनाम्याने होतं. पण कॉरोनरला कुणीतरी कळवावं लागतं, आणि ते मुख्यतः डॉक्टरनेच कळवायचं. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच हातात घंटा!

कुणालाच शंका आली नव्हती असं नाही. त्याच मार्चमध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी कॉरोनरला सांगितलं होतं, की या डॉक्टरचे पेशंट फारच मरताहेत. अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं, की या बायका बहुधा नीट कपड्यांत, खुर्चीत बसलेल्या सापडतात. पोलिसांनी वरवर पाहिलं आणि एप्रिलमध्ये तपास थांबवला. त्यानंतर आणखी तीन बायका गेल्या. ग्रंडीबाई त्यांतल्या शेवटच्या.

त्यांची मुलगी वकील होती. सगळी मालमत्ता डॉक्टरला देणारं मृत्युपत्र पाहून तिला ते खोटं वाटलं आणि ती पोलिसांकडे गेली. ऑगस्टमध्ये पुरलेला देह बाहेर काढला. त्यात मॉर्फिन सापडलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. शिपमनने मेलेल्या पेशंटांच्या नोंदींत मागच्या तारखा टाकून आजार घुसवले होते. पण प्रत्येक नोंद खरोखर केव्हा टाईप झाली, हे संगणक आतल्या आत लिहून ठेवत होता. काही 'जुने' आजार पेशंट गेल्यानंतर जन्माला आलेले निघाले! जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत बळींचा आकडा २१५ निघाला. बहुतेक वयस्कर बायका, बऱ्याचशा एकट्या राहणाऱ्या. सप्टेंबर २०२४ पासून तिथे कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू दुसरा स्वतंत्र डॉक्टर तपासतो आणि घरच्यांशीही बोलतो. इतकी वर्षं लागली.

हे मी तुम्हाला का सांगतेय? माझी आत्या गावी एकटी राहायची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी गेली. दाखल्यावर लिहिलं होतं, 'हृदयक्रिया बंद पडून'. मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. आपल्याकडच्या दाखल्याच्या नमुन्यावर छापलेलं असतं, की आजार लिहा, मरणाची तऱ्हा नको. मी ते वाचलं, आणि 'वय झालं होतं' म्हणून घडी घातली. तेराव्यानंतर तिची पिशवी आवरताना रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं सापडली. नावं वेगळी, औषध एकच. दोन डॉक्टरांनी दिलेली. ती दोन्ही घेत होती का? त्यानेच गेली का? आता कळायचा मार्ग नाही. माझा कुणावर संशय नाही. मी विचारलं नाही, एवढंच मला सलतं. नोंदी हाच माझा व्यवसाय, आणि घरच्या नोंदीकडे मी पाहिलं नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज गावी एकटे आहेत. 'वार्धक्य' हे कारण नव्हे. परवा काय खाल्लं, कोणती गोळी नवी, शेवटचं कोण भेटलं, हे विचारणं म्हणजे कुणावर आळ घेणं नव्हे. आणि ते जिवंतपणीच विचारलं, तर कॉरोनरची गरजच पडणार नाही.

आमच्या बाई हजेरी घेताना नुसत्या 'हजर' या आवाजावर विश्वास ठेवत नसत. मान वर करून चेहरा बघत, मगच खूण करत. बाई, तेव्हा आम्हाला त्याचा राग यायचा. आज कळतं, ती आमची काळजी होती.

या सुट्टीत घरी गेलात, की तुम्हीही एकदा मान वर करून बघा. गोळ्यांची पिशवीही बघा.