ऐकणाऱ्याची पूर्वतयारी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टने वसतिगृहात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन कक्ष सुरू करण्याचा संकल्प सोडला आहे. या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली. मी आयुष्यभर अध्यापक महाविद्यालयात शिकविले आणि भावी शिक्षकांना समुपदेशनाचे धडे दिले. त्या अधिकाराने बोलण्यापूर्वी एका चुकीची कबुली देणे मी माझे कर्तव्य समजतो.

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत एक विद्यार्थी माझ्याकडे आला. घरी कानडी बोलणारा, सीमाभागातील एका खेड्यातून आलेला. वडील शिक्षण सोडून परत ये म्हणतात, एवढेच त्याने सांगितले. तो मान खाली घालून बसला होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला “होय सर” म्हणत होता. मी नुकतीच परदेशी पाठ्यपुस्तके वाचली होती. त्यांतील उपदेशानुसार मी त्याला म्हणालो, “निर्णय तुझा तू घे आणि वडिलांना स्पष्ट सांग.” तो “होय सर” म्हणून उठला. पुन्हा आला नाही. सत्र संपण्यापूर्वी त्याने महाविद्यालय सोडले. पुढे समजले की घरातील तो पहिलाच शिकणारा मुलगा होता. वडिलांवर कर्ज होते, पाठीवर दोन बहिणी होत्या. त्या घरात एकट्याचा असा निर्णयच नसतो. सरांनी एकदा घरी येऊन वडिलांशी बोलावे, या आशेने तो आला होता. ते तो बोलू शकला नाही आणि मला ऐकू आले नाही.

माझे नेमके काय चुकले, हे मला पुष्कळ वर्षांनी एका अमेरिकन प्राध्यापकाच्या ग्रंथांतून उमगले. डेरल्ड विंग स्यू हे त्यांचे नाव. त्यांच्या अध्यापनकार्याचा परिचय आज आपल्याला करून द्यावा, असे मी योजिले आहे.

स्यू यांचा जन्म १९४२ साली ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे, चीनमधून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. चिनी म्हणून मुलांनी केलेली चेष्टा त्यांनी बालपणीच सोसली. ओरेगन विद्यापीठातून १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात ते काम करू लागले. त्यांचे बंधू स्टॅन्ली आणि डेव्हिड हेही मानसशास्त्राचेच प्राध्यापक झाले. १९७२ साली डेरल्ड व स्टॅन्ली यांनी सहकाऱ्यांसह आशियाई-अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची संघटना स्थापिली. डेरल्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या काळी समुपदेशनाचे शास्त्र गोऱ्या, मध्यमवर्गीय माणसाला प्रमाण मानून रचलेले होते. समुपदेशक आपल्याच संस्कृतीच्या कोशात बंदिस्त असतो, असा इशारा गिल्बर्ट रेन यांनी १९६२ मध्येच एका लेखातून दिला होता. परंतु त्याची दखल घेऊन अभ्यासक्रम बदलण्याचे काम व्हावयाचे होते.

या प्रश्नाची व्याप्ती स्टॅन्ली स्यू यांच्या एका पाहणीने दाखवून दिली. सिअॅटल परिसरातील १७ मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या भेटीनंतर पुन्हा न येणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या लोकांत सुमारे ३० टक्के होते, तर अल्पसंख्य समाजांत ते सुमारे ५० टक्के होते. म्हणजे दारापर्यंत पोहोचलेल्यांपैकी निम्मे लोक एका भेटीत परत फिरत होते. हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मला माझा तो विद्यार्थी आठवला.

डेरल्ड स्यू यांनी या परत फिरण्याचा कार्यकारणभाव शोधला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आहे. समुपदेशक ज्या गोष्टी स्वाभाविक मानतो, त्यांतील बऱ्याच गोष्टी त्याच्या संस्कृतीच्या आणि वर्गाच्या असतात, असे त्यांनी दाखविले. सल्ला घेण्यास आलेल्या व्यक्तीने मनातील सर्व काही अनोळखी माणसापुढे मांडावे, भावना शब्दांत व्यक्त कराव्यात, नजरेला नजर द्यावी, ठरलेल्या घटकेला यावे आणि व्यक्ती म्हणून स्वतंत्र निर्णय घ्यावा, ही अपेक्षा सर्वत्र लागू होत नाही. ज्या घरात मौन हा आदर असतो, तेथील मुलाच्या मौनाला समुपदेशक ‘विरोध’ असे नाव देतो. दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

या ग्रंथाच्या नावातही एक बोधप्रद बदल झाला. प्रारंभी त्याच्या नावात ‘सांस्कृतिकदृष्ट्या भिन्न’ व्यक्तींचे समुपदेशन असा निर्देश होता. २००३ च्या चौथ्या आवृत्तीपासून ‘भिन्न’च्या जागी ‘विविध’ हा शब्द आला. कुणाला भिन्न म्हटले की कुणापासून भिन्न, हा प्रश्न उपस्थित होतो, आणि म्हणणारा स्वतःला नकळत केंद्रस्थानी बसवितो. विविधतेत मात्र समुपदेशकही त्या विविधांपैकीच एक ठरतो.

स्यू यांचे दुसरे मोठे कार्य समुपदेशकांच्या शिक्षणाचे. १९८२ साली त्यांच्या नेतृत्वाखाली या क्षमतांचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. १९९२ साली पॅट्रिशिया अरेडोंडो व रॉडरिक मॅकडेव्हिस यांच्यासह त्यांनी ३१ क्षमतांची सूची मांडली. तिची रचना साधी आहे. समुपदेशकाने प्रथम स्वतःच्या धारणा व पूर्वग्रह ओळखावेत, नंतर समोरच्या व्यक्तीची जगाकडे पाहण्याची दृष्टी समजून घ्यावी आणि त्यानंतरच उपाय योजावा. या प्रत्येक टप्प्यावर वृत्ती, ज्ञान आणि कौशल्य या तिन्हींची कसोटी लावावी. बंधू-भगिनींनो, या क्रमाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मी त्या विद्यार्थ्याला थेट उपाय सांगितला होता. आधीच्या दोन पायऱ्या मी चढलोच नव्हतो.

अशा क्षमता वर्गात शिकवाव्यात कशा? इंडोनेशिया व मलेशियात अध्यापन केलेल्या पॉल पेडर्सन यांनी यासाठी एक सुंदर पद्धती तयार केली. सरावाच्या वेळी समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्याजवळ सल्लार्थीच्याच संस्कृतीतील आणखी एक व्यक्ती बसते. सल्लार्थी मनात म्हणत असलेले, पण उघड न बोललेले विचार ती मोठ्याने बोलून दाखविते. समोरचा “होय सर” म्हणतो आणि शेजारचा म्हणतो, “यांना आमच्या घरचे काय ठाऊक?” त्यामुळे प्रशिक्षणार्थीला आपल्या बोलण्याचा परिणाम तेथल्या तेथे ऐकावयास मिळतो.

पुढे स्यू कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाले. २००७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला, त्यात त्यांचाच एक अनुभव आहे. न्यूयॉर्कहून बोस्टनला जाणाऱ्या एका लहान, जवळजवळ रिकाम्या विमानात ते व त्यांचे एक कृष्णवर्णीय सहकारी सांगितल्याप्रमाणे हव्या त्या जागी बसले. मागाहून तीन गोरे प्रवासी आले व पुढे बसले. उड्डाणापूर्वी वजनाचा समतोल साधण्यासाठी मागे बसण्याची विनंती मात्र या दोघांना झाली. कर्मचारी स्त्रीला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. हेतू नसताना होणाऱ्या अशा नित्याच्या अवमानाला चेस्टर पियर्स या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० साली एक संज्ञा दिली होती. आपण तिला ‘सूक्ष्म आघात’ म्हणू. स्यू यांनी तिचे वर्गीकरण करून ती सर्वतोमुखी केली. या संकल्पनेचे पुरावे अपुरे आहेत, अशी टीका स्कॉट लिलियनफेल्ड यांनी २०१७ साली केली, तीही विचारात घेण्याजोगी आहे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या श्रोत्यांना दोन्ही बाजू ऐकण्याचे महत्त्व मी सांगावयास नको.

आता आपल्या अंगणात येऊ. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीयांसाठी दार उघडले. त्या वाटेने गेलेल्यांत जैन कुटुंबेही होती. समजा, त्यांतील एखाद्या मुलीने पर्युषणात अठ्ठाई केली आणि शाळेतील समुपदेशकाला त्याचा अर्थ ठाऊक नसला, तर तो आजाराची शंका घेईल. असे झाले तर आपण दुखावू, आणि ते योग्यच आहे.

परंतु याची दुसरी बाजूही पाहू या. समुपदेशक आपल्याच समाजातील असला, तर तो उपवास म्हटल्यावर कौतुकाने हात जोडील. एखादी मुलगी खरोखरच आजारामुळे अन्न टाळत असेल आणि उपवासाची ढाल पुढे करीत असेल, तर तिचे दुःख त्याच्या नजरेतून निसटेल. समूहाचे ज्ञान केव्हा लागू करावे आणि केव्हा बाजूला ठेवून ती एक व्यक्ती पाहावी, हे ओळखणे हीच खरी क्षमता, असे स्टॅन्ली स्यू यांनी १९९८ च्या एका लेखात प्रतिपादिले आहे. म्हणून कक्षासाठी ‘आपला माणूस’ नेमला की काम झाले, असे कृपया समजू नये. आपल्या वसतिगृहात खेड्यातील आणि शहरातील, मराठी, कानडी व गुजराती बोलणारी, सधन आणि शुल्कमाफीवर राहणारी मुले एकत्र नांदतात. धर्म एक असला तरी घरे निरनिराळी आहेत.

विश्वस्त मंडळाला माझी तीन नम्र निवेदने आहेत.

पहिले, प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याला मुलांची भाषा यावी. न येत असल्यास त्याने ती शिकण्याची तयारी दाखवावी.

दुसरे, त्याने कक्षात वाट पाहत बसू नये. भोजनगृहात मुलांच्या पंगतीला बसावे आणि विद्यार्थ्याची संमती असेल तेव्हा त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे. मी जे केले नाही, ते त्याने करावे.

तिसरे निवेदन सर्वांत महत्त्वाचे. आपला समाज लहान आहे, सर्व एकमेकांना ओळखतात. कक्षात कोण आले होते, हे विश्वस्तांनी कधीही विचारू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. कायदा दूर ठेवला तरी, ‘लोक काय म्हणतील’ या भयाने मुलाचे पाऊल उंबरठ्यावरच थबकते. जिवाला धोका असेल तेव्हा समुपदेशक आवश्यक त्या व्यक्तींना सांगेलच. एरवी त्या खोलीतील शब्द त्या खोलीतच राहावा. ज्याला तेथेही येणे जड वाटते, त्याच्यासाठी शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावावा.

हे प्रयत्न व्यर्थ जात नाहीत, याची साक्षही सिअॅटलनेच दिली आहे. मूळ पाहणीनंतर सुमारे दहा वर्षांनी तेथे पुन्हा पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात केंद्रांनी निरनिराळ्या समाजांतील कर्मचारी नेमले होते, सेवांची रीत बदलली होती. पहिल्या भेटीनंतर परत फिरणाऱ्यांच्या प्रमाणातील तो मोठा फरक आता उरला नव्हता. माणसे तीच होती, ऐकणाऱ्यांनी आपली तयारी वाढविली होती.

माझा विद्यार्थी आज कोठे आहे, मला माहीत नाही. पर्युषणाच्या अखेरीस आपण परस्परांची क्षमा मागतो, त्या वेळी दरवर्षी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. आपल्या कक्षाच्या दाराशी उद्या असाच एखादा मुलगा मान खाली घालून उभा राहील. तो दुसऱ्यांदाही येईल अशी व्यवस्था आपण करावी, एवढीच प्रार्थना करतो.