नावाचं रान पडीक ठेवू नये

बारामतीत माझा छोटासा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं आणि अधूनमधून कवितांची पुस्तकं, असा पसारा. कविता मी स्वतःही लिहितो. त्यामुळे नावाची किंमत मला दोन्ही बाजूंनी ठाऊक. पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर मांडवात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. तरीही एका नावाच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. ते नाव माणसाचं नव्हतं, इंटरनेटवरच्या पत्त्याचं होतं. डॉट कॉम, डॉट इन असं शेपूट असलेल्या या नावाला डोमेन म्हणतात.

२००९ साली माझा भाचा म्हणाला, ‘‘मामू, चांगली नावं घेऊन ठेवा. जमिनीसारखंच आहे हे, पुढं भाव येतो.’’ आमच्याकडं जमिनीचा भाव म्हटलं की कवीसुद्धा कान टवकारतो. मी चार नावं घेतली. पहिलं आमच्या अनियतकालिकाचं. दुसरं छापखान्याचं. तिसरं उजनीच्या पाणवठ्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचं, कारण त्यांच्यावर एक मोठी कविता लिहायची होती. ती अजून लिहायचीच आहे. चौथं मात्र निव्वळ लोभानं. एका मोठ्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदलून घेतलेलं.

‘जमिनीसारखंच’ हे भाच्याचं म्हणणं निम्मंच खरं होतं. डोमेन आपण विकत घेत नाही. ठरावीक मुदतीसाठी ते आपल्या नावावर नोंदलं जातं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. म्हणजे सातबारा नव्हे, खंडानं केलेलं रान. खंड थकला की रान गेलं. तेही लगेच जात नाही. डॉट कॉमची मुदत संपली तरी नोंदणी करणाऱ्या बहुतेक कंपन्या काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर तीस दिवस दंडासकट सोडवून घेता येतं. मग पाच दिवस नाव गोठतं आणि शेवटी सगळ्यांना मोकळं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आमचं अनियतकालिक २०१३ साली बंद पडलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना जात होत्या भाच्याच्या जुन्या ई-मेलवर, आणि तो नोकरीच्या गडबडीत ते खातंच विसरला होता. २०२१ साली मुदत संपली. मला पत्ताच नाही.

पुढच्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. ‘‘चाचा, तुमच्या अंकाच्या मागच्या पानावर तो पत्ता छापलाय ना, तो आमच्या इथल्या नववीतल्या मुलीनं मोबाइलवर उघडला. तिथं पत्त्यांचा जुगार चाललाय हो.’’

ती मुलगी तिथं का गेली होती? तिची आई अंगणवाडीत काम करते. आईची आयुष्यात छापून आलेली एकुलती एक कविता आमच्या अंकात होती. मैत्रिणींना दाखवायला पोरगी ती शोधत होती. पत्ता उघडला आणि पत्ते निघाले. शिक्षकांनी तिला विचारलं, ‘‘हे काय बघतेस?’’ पोर रडत घरी गेली.

मी ते नाव परत मागितलं. मिळालेला आकडा डॉलरमध्ये होता आणि माझ्या छापखान्याच्या वर्षाच्या कमाईहून मोठा होता. मग समजलं की अशा टाकलेल्या नावांवर काही लोक टपलेलेच असतात. नवं नाव कुणाला माहीत नसतं. जुन्या नावाचे पत्ते मात्र इतर संकेतस्थळांवर, पुस्तकांत, लोकांच्या डायऱ्यांत नोंदलेले असतात. वाट मळलेली असते. त्या वाटेवर दुकान थाटलं की झालं. धोका एवढ्यावरच थांबत नाही. त्या नावाचा ई-मेल तुम्ही वापरत असाल, तर पुढं येणारी पत्रं नव्या धन्याच्या हाती जाऊ शकतात. त्यात बँकेचीही आली.

छापलेलं परत घेता येत नाही, हे छापखानेवाल्याला कुणी सांगायला नको. मी चिकटवायच्या पांढऱ्या पट्ट्या छापल्या आणि एसटीनं बारामती-इंदापूर करत वाचनालयं पालथी घातली. तीनशे प्रतींपैकी जेमतेम साठ-सत्तर सापडल्या. उरलेल्या अजून कुठं कुठं तो पत्ता मिरवत असतील.

त्यानंतर मी उरलेली तीन नावं समोर घेऊन बसलो. भाचा म्हणाला, ‘‘विकून टाका.’’ त्यानं उदाहरणंही दिली. दिल्लीतल्या एका तरुणानं जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील हा अंदाज बांधून ते जोडनाव आधीच घेतलं होतं. २०२४ साली त्या बदल्यात त्यानं केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला. गोष्ट गाजली, पण शेवटी ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडं गेलं आणि त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपली चूल पेटवणं न्यायालयांनाही मान्य नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयानं ‘रेडिफ’शी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ हे नाव वापरायला मनाई केली. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली स्पष्ट केलं. तेव्हा माझं चौथं, लोभाचं नाव मी मुदत संपल्यावर सोडून दिलं. ते कुठं छापलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या जाण्यानं कुणी फसणार नव्हतं.

छापखान्याचं नाव ठेवलं. छापखान्याची जागा आणि पाटी आता बदलली आहे, संकेतस्थळही नवं आहे. पण जुनी गिऱ्हाइकं जुन्याच पत्त्यावर जातात. तिथून त्यांना आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय करता येते. मला ती सोय कळली ती पळसदेवमुळं. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात जुनं पळसदेव बुडालं. पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ अजून वर येतं. पण गाव वर सरकलं तेव्हा नाव सोबत घेऊन आलं. म्हणून पळसदेवला जायचं म्हणणारा माणूस आजही माणसांत पोचतो.

राहिलं रोहित पक्ष्यांचं नाव. कुंभारगावच्या पाणवठ्यावर एक तरुण पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवतो. चौदा वर्षं मी त्या नावावर एक ओळ लिहिली नव्हती. त्याला हंगामात रोज त्याची गरज होती. नावाचं कुलूप काढायचं, सांकेतिक क्रमांक घेणाऱ्याला द्यायचा, की नाव दुसऱ्याच्या खात्यावर जातं. मोबदला म्हणून त्यानं मला होडीतून एक फेरी मारून आणली. सौदा मला महाग पडला नाही.

तुमच्याकडंही अशी नावं असतील. बंद पडलेल्या दुकानाची, मंडळाची, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची. त्यांना एकच प्रश्न विचारा : या नावावर विसंबून अजून कुणी येतंय का? येत असेल, तर खंड भरत राहा, किंवा विश्वासाच्या हाती द्या. सोडायचंच असेल, तर आधी ई-मेल, बँक, छापील कागद सगळीकडून ते काढा, लोकांना कळवा आणि वर्ष-दोन वर्षं थांबून मगच सोडा. कुणीच येत नसेल, तर खुशाल सोडा. आणि नोंदणी दुसऱ्याच्या ई-मेलवर ठेवू नका, तो भाचा असला तरी!

त्या अंगणवाडीताईंची कविता आता छापखान्याच्या संकेतस्थळावर आहे. मुलीनं ती वर्गात दाखवली, असं ग्रंथपाल बाईंनी कळवलं. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रमजान ईद आणि बारामतीतल्या पालखी मुक्कामाची तारीख यांच्यासोबत आता आणखी एक तारीख लाल शाईनं लिहिलेली असते. त्या नावाचा खंड भरायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)