पेंढारकरांची ‘ललितकलादर्श’



सुरतेतल्या आपल्या भेस्तान-उधन्याकडे गणपतीत नाटक बसवायचं ठरलं, की भूमिका मागायला रांग लागते. पण वर्गणी कोण जमवणार, माईक कोण आणणार, तालमीला न येणाऱ्याला घरी जाऊन कोण उठवणार, हे विचारलं की माणसं पांगतात. शेवटी एखादाच उरतो आणि सगळं अंगावर घेतो. व्यावसायिक रंगभूमीवर त्याला निर्माता म्हणतात. आज अशाच एका निर्मात्याविषयी बोलणार आहे. ते म्हणजे भालचंद्र पेंढारकर, नाट्यसृष्टीचे अण्णा.

नटाच्या घरात जन्मलेल्या मुलानं नटच व्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. आयर्लंडचे थोर नट सिरिल क्युसॅक यांच्या शिनेड, सॉर्का, नीव्ह या मुली अभिनयात गेल्या, पण मुलगा पॉड्रिग निर्मितीकडे वळला आणि लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यानं नाव कमावलं. अण्णांना अशी निवड करता आली नाही. त्यांनी तोंडाला रंगही लावला आणि संस्थाही सांभाळली.

ही संस्था म्हणजे ‘ललितकलादर्श’. संगीतसूर्य केशवराव भोसले यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला ती काढली. १९२१च्या जुलैत केशवराव आणि बालगंधर्व टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. कंपनी आली बापूराव पेंढारकरांकडे. पुढच्याच महिन्यात बापूरावांच्या घरी भालचंद्र जन्मले.

बापूराव स्वतः गायक नट. पण मला त्यांच्यातला निर्माता अधिक मोठा वाटतो. मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ त्यांनी १९२२ साली रंगमंचावर आणलं, आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या दारं-खिडक्यांचं घर उभं केलं. ‘तुरुंगाच्या दारात’मध्ये अस्पृश्यतेचा प्रश्न मांडला. त्या काळी कंपन्या बिऱ्हाडी होत्या. नट, साथीदार, कपडेपटवाले, आचारी असं सगळं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. पावसाळ्यात खेळ बंद पडले तरी पंगत बंद ठेवता येत नसे. तिकिटांचा पैसा थांबला तरी शिधा रोज लागायचाच, आणि तो मालकाच्या गळ्यात. त्यात बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून मोडल्या. १९३७ साली बापूराव वारले, तेव्हा भालचंद्र जेमतेम पंधरा वर्षांचे होते.

त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली. १९४२ साली वडिलांचंच ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन ते उभे राहिले. संगीत नाटकाचे दिवस संपले, असं जाणकारही म्हणत होते तो हा काळ. अण्णांनी नवे लेखक शोधले. बाळ कोल्हटकरांचं ‘दुरितांचे तिमिर जावो’ त्यांनी केलं. आईच्या आठवणीचं त्यातलं पद अण्णांच्या आवाजात घराघरांत पोचलं. मग विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६० साली. सहा वर्षांनी ‘जय जय गौरीशंकर’. दोन्हींना संगीत वसंत देसाईंचं. गाण्यांची नाटकं पुन्हा हाऊसफुल्ल होऊ लागली. जुन्याच नाटकांचे प्रयोग लावून त्यांना पोट भरता आलं असतं. वारसा म्हणून मिळालेल्या संस्थेत नवं लिखाण आणण्याची जोखीम त्यांनी उचलली, म्हणून ती जगली असं मी ठामपणे म्हणेन.

पण अण्णांचं एक काम रेडिओच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगितलं पाहिजे. गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात ते वर्षानुवर्षं टेप रेकॉर्डर घेऊन बसत आणि तिथे होणारी नाटकं ध्वनिमुद्रित करत. आपल्या संस्थेचीच नव्हेत, दुसऱ्यांचीही. स्पूल चढवायचं, फीत संपत आली की बदलायचं आणि तीन-तीन तास लक्ष ठेवायचं. त्याचं तिकीट विकलं जात नाही, टाळ्याही मिळत नाहीत. लिहिलेलं नाटक छापून राहतं, गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघतात, पण कुठल्या वाक्याला प्रेक्षागृह हसलं, कोणत्या पदाला ‘वन्स मोअर’ आला, हे प्रयोगाबरोबरच विरून जातं. अण्णांच्या फितींमध्ये ते टिकलं. दुसऱ्या निर्मात्याचं नाटक जपावं असं वाटणारा निर्माता विरळा.

२००८ साली ‘ललितकलादर्श’नं शंभरी गाठली, तेव्हा अण्णा शहाऐंशीचे होते. मुलगा ज्ञानेशही गायक नट झाला. ११ ऑगस्ट २०१५ रोजी अण्णा मुंबईत निवर्तले.

मंडळी, सुरतेच्या या भागात खानदेशातून आलेली आपली हजारो घरं आहेत. मंडळाच्या मांडवात जे नाटक होतं त्याची नोंद कुणी ठेवत नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. यंदा नाटक केलंत तर पूर्ण प्रयोग ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि सगळी नावं स्पष्ट बोलून घ्या. नटांची घ्याच, पण पेटी-तबलावाल्यांची आणि पडदा ओढणाऱ्याचीही घ्या. आणि ते एकाच मोबाईलमध्ये न ठेवता दोन-तीन घरांत ठेवा.