मूल हसत होतं म्हणून...

(नवी मुंबईत कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



क्लिंट ईस्टवूड यांचा १९९३ चा 'अ परफेक्ट वर्ल्ड' हा चित्रपट आपण आत्ताच पाहिला. तुरुंगातून पळालेला बुच ८ वर्षांच्या फिलिपला ओलीस धरतो आणि दोघांची गट्टी जमते. अनेकींचे डोळे पाणावले.

फिलिपच्या घरी बाप नाही. आईच्या धर्मपंथात सणवार वर्ज्य. बुच त्याला विचारतो, तुला काय काय करायचंय? मैत्री खरी आहे, पण ती या भुकेवर उभी आहे.

तुर्भे, दिघ्याच्या वस्त्यांत आपण ऐकतो, "पोरगी त्याच्याबरोबर हसत होती, स्वतःहून गेली. मग तक्रार कसली?" आपलं उत्तर तयार हवं. मुलाची माया म्हणजे संमती नव्हे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १३७ पालकांची संमती विचारते, मुलाची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही १८ वर्षांखालील मुलाची संमती ग्राह्य नाही.

मात्र ही माया म्हणजे आजार, असंही समजू नका. बुच एका कुटुंबाला बांधून घालतो, तेव्हा हाच फिलिप त्याच्यावर गोळी झाडतो. आणि नंतर त्यालाच बिलगतो. मुलाला दोन्ही कळतं.

म्हणून सुटून आलेल्या मुलाला "त्या मेल्याचं नाव काढू नकोस" असं दटावू नका. त्याला बोलू द्या. आणि तुला काय हवंय, हे त्याला आधी कुणीच का विचारलं नाही, याचा जाब घराला, शाळेला आणि आपल्यालाही विचारा.