घशाची कोरड : उन्हाळा की आजार?

(नेरळ येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



माथेरानच्या पायथ्याशी वसलेल्या नेरळमध्ये चैत्र-वैशाखात घशाला कोरड पडली, तर कोणास नवल वाटत नाही. माठातील पाणी प्याले की जीव शांत होतो. परंतु ऐन श्रावणातही भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नसेल, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, तर तो आजार असू शकतो.

स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची लक्षणे नोंदवली. त्यांतील अनेकींना सांधेदुखीही होती. पुढे या विकारास श्योग्रेन यांचेच नाव मिळाले.

प्रतिकारशक्ती ही शरीराची पहारेकरी. या विकारात ती स्वकीयांनाच परके समजते. काहींच्या ठायी आनुवंशिक कल असतो; त्यात एखादा विषाणुसंसर्ग ठिणगी टाकत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. लाळग्रंथींच्या नलिकांमधील पेशी धोक्याचे संदेश देऊ लागतात. लिम्फोसाइट नावाच्या श्वेतपेशी त्या नलिकांभोवती जमतात आणि तेथेच ठाण मांडतात. त्यांतील काही पेशी शरीराच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात. दाह धुमसत राहतो आणि लाळ आटत जाते. अश्रुग्रंथींचीही हीच गत होते. हे सारे काही वर्षे नकळत चालते.

लाळ दातांचे रक्षण करते. ती आटली की दात भराभर किडतात. म्हणून पुष्कळदा पहिली शंका दंतवैद्यास येते. थकवा व सांधेदुखी सोबत असते. थोड्या रुग्णांत पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. गर्भवतीच्या रक्तातील प्रतिपिंडे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या. ‘या वयात व्हायचेच’ असे म्हणून ती माउली दुखणे अंगावर काढते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी झाली, तेव्हा अशा तक्रारी किती घरांत आहेत हे दिसले. विचारल्यावाचून त्या कळल्या नसत्या.

रक्तातील प्रतिपिंडे, अश्रूंचे प्रमाण आणि गरज पडल्यास ओठातील सूक्ष्म ग्रंथींचा तुकडा तपासून निदान होते. आजार समूळ जात नाही. पण वेळीच उपचार झाल्यास त्रास आटोक्यात राहतो, दात व डोळे वाचतात.

म्हणून आज घरी गेल्यावर आईला, पत्नीला, वहिनीला एकच विचारावे : घास पाण्यावाचून उतरतो ना?