बहिणाबाईंची वही

(विष्णुपुरीच्या प्रौढ वर्गात केलेले भाषण)

मंडळी, आणि मागे बसलेल्या आयाबायांनो, जरा पुढे सरका. आज एका मायची हकिगत सांगायची आहे. ती माय आपल्या भागातली नव्हे. आपल्याकडे गोदावरी, तिकडे तापी. पण मुलूख आपल्यासारखाच, काळ्या मातीचा आणि कापसाचा.

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली महाजनांच्या शेतकरी घरात बहिणाबाईंचा जन्म झाला. शाळा त्यांनी पाहिली नाही. लिहिणे-वाचणे शेवटपर्यंत आले नाही. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. नवऱ्याचे नाव नथूजी. तीन लेकरे झाली : काशी, ओंकार आणि सोपान. त्या काळी प्लेगची साथ येई. लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. त्या प्लेगने ओंकार कायमचा अधू झाला. १९१० साली नथूजी वारले. बहिणाबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या.

तिशीतली विधवा म्हणजे काय, हे बायांना मी सांगायला नको. लोक आधी कपाळाकडे बघतात. हळदीकुंकवाला कोणी बोलवीत नाही. पण शेत कोणासाठी थांबत नाही. बहिणाबाई कामाला लागल्या. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी. घरी आले की जाते आणि चूल. आणि हात कामात असताना तोंडाने त्या गाणी रचत. शेतावर, सणावर, सासर-माहेरावर, माणसाच्या मनावर.

दारात ज्योतिषी आला की आपण हात पुढे करतो की नाही? बहिणाबाईंनी त्याला परत पाठवणारे गाणे रचले. बांगड्या फुटल्या, पण मनगटातले बळ कुठे गेले नाही, असे दुसऱ्या एका गाण्यात त्या म्हणतात. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे शाळेतल्या पोरांना पाठ असते. तेही गोडच आहे. पण मला विचाराल तर हे ज्योतिष्याचे गाणे मोठे. ते भोगून आलेले आहे.

आता बघा, बाई लिहिणारी नव्हे. गाणे तोंडातून निघाले की वाऱ्यावर गेले. पण धाकटा सोपान शिकला. पुढे तो सोपानदेव चौधरी या नावाने कवी झाला. त्याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढी गाणी कागदावर उतरवून घेतली. माय जशी बोलत होती तशीच, तिच्या खानदेशी बोलीत. हे मला फार महत्त्वाचे वाटते. आम्हा मास्तर मंडळींना तांबड्या शाईची भारी हौस! आमच्या हाती ती वही पडती, तर आम्ही ती गाणी 'शुद्ध' करून पार मारून टाकली असती.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे म्हणजे त्या काळचे मोठे लेखक. वाचून ते थक्क झाले. हे सोने झाकून ठेवायचे नाही, असे त्यांनी बजावले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना अत्र्यांचीच. १९६१ साली 'मानिनी' नावाच्या सिनेमात त्यांची गाणी आली आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही कानी पडली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले. पण जी गाणी उतरवून घ्यायची राहिली, ती त्यांच्याबरोबरच गेली.

आपल्याकडच्या बायाही जात्यावर गात होत्या. मग पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून आलेले गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या. त्यात मराठवाड्यातल्याही आहेत. तुमच्या घरातल्या किती आहेत, ते तुम्हीच सांगा. आपल्याकडे लग्न झाले की बाईचे माहेरचे नावसुद्धा बदलतात. पुढे ती 'अमक्याची माय' होते, मग 'तमक्याची आजी'.

बरं, आता पाट्या घ्या. मी फळ्यावर 'बहिणाबाई' लिहितो. त्याखाली ज्याने त्याने आपल्या आजीचे नाव लिहा. माहेरचे नाव. ठाऊक नसेल तर जागा मोकळी ठेवा आणि आज रात्री घरी विचारून या.